बायोप्सी करून घ्या, पण ऑपरेशनची तारीख आत्ताच घेऊ नका

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे, सातारा जिल्ह्यात गावी असतात. मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून दाखवलं, तेव्हा पीएसए, म्हणजे प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, ९.६ निघाला. एमआरआयमध्ये प्रोस्टेटचं आकारमान ४८ सीसी, आणि उजव्या बाजूला १२ मिलिमीटरचा, पाय-रॅड्स ४ दर्जाचा (एमआरआयवरच्या संशयाची १ ते ५ ही पट्टी) भाग. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे. काका म्हणतात सुई लागली की कॅन्सर पसरतो. मेहुण्यांनी पुण्यात रोबोटिक ऑपरेशनची चौकशी करून ठेवली आहे, ओळखीचे एक डॉक्टर रेडिएशन बरं म्हणतात. वडिलांना मात्र ‘लघवीच्या गाठीची तपासणी’ एवढंच सांगितलं आहे. आणि तुम्ही विचारताय: बायोप्सी करावी का, आणि ऑपरेशन की रेडिएशन?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: करावी. दुसऱ्याचं उत्तर आज कुणीही देऊ शकत नाही, कारण कॅन्सर आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि असला तर कोणत्या जातीचा हे कळलेलं नाही. पण तुमचं पत्र वाचताना मला खरी अडचण तिसरीच दिसली. घरातले चौघे जण उपचार ठरवायला बसले आहेत आणि ज्यांच्यावर उपचार होणार त्यांना विषयच माहीत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण या आजारात उपचाराची निवड बरीचशी त्या एका गोष्टीवर येऊन ठरते.

आधी पीएसएबद्दल. हा आकडा कॅन्सरमुळेच वाढतो असं नाही. वयानुसार ग्रंथी मोठी झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी अडली, नळी घातली, तरी वाढतो. म्हणून दोन गोष्टी तपासा. रक्त दिलं त्या सुमारास लघवीला जळजळ किंवा ताप होता का? असेल तर संसर्ग बरा करून सहा-आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा करतात. दुसरी गोष्ट बहुतेक घरांत सुटते: वडिलांना गावच्या डॉक्टरांनी आधीच लघवीची गोळी सुरू केली होती का? तिच्या पाकिटावर ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड लिहिलं आहे का बघा. पुष्कळदा ती टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत येते, त्यामुळे लक्षात येत नाही. ही औषधं सहाएक महिन्यांत पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात. म्हणजे गोळी वर्षभर चालू असेल तर कागदावरचे ९.६ हे प्रत्यक्षात १९च्या आसपास धरावे लागतात, आणि सगळा हिशेब बदलतो. पाकीट डॉक्टरांना दाखवाच.

गोळी चालू नसेल असं धरून चालू. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागलं की ९.६ भागिले ४८, म्हणजे ०.२ येतं. ०.१५च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. ग्रंथी १०० सीसीची असती तर याच पीएसएकडे मी बऱ्याच निश्चिंतपणे पाहिलं असतं. इथे ग्रंथी फार मोठी नाही, पीएसए तिच्या मानाने जास्त आहे, आणि एमआरआयने नेमकी जागा दाखवली आहे. पाय-रॅड्स ४ म्हणजे उपचार घ्यावा लागेल असा कॅन्सर असण्याची शक्यता जास्त. पण खात्री नाही. आपल्याकडे प्रोस्टेटचा क्षयसुद्धा एमआरआयवर हुबेहूब असाच दिसतो, जुनाट सूजही दिसते. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणं म्हणजे अंदाजावर माणसाचं शरीर उघडणं.

आता काकांची भीती. ही मी इतक्या घरांतून ऐकली आहे की तिला हसण्यावारी नेणं मला जमत नाही. तिचं मूळही समजतं. पूर्वी आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे पोचायचा तोच कंबरेचं दुखणं घेऊन, हाडात आजार गेल्यावर. मग बायोप्सी व्हायची, आणि पुढे काही महिन्यांत तब्येत ढासळायची. घरच्यांच्या मनात क्रम पक्का व्हायचा: सुई लागली आणि पसरलं. प्रत्यक्षात ते आधीच पसरलेलं असायचं. प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजणं अतिशय दुर्मीळ आहे, आणि जगभर दरवर्षी लाखो पुरुषांची ही तपासणी होते. काकांना माझ्या वतीने एवढंच सांगा की बायोप्सीचा खरा धोका पसरण्याचा नाही, जंतुसंसर्गाचा आहे, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत आपण सगळी काळजी तिथे घ्यायची.

बायोप्सी दोन वाटांनी होते. जुनी वाट गुदमार्गातून. अंगठ्याएवढी सोनोग्राफीची कांडी आत ठेवतात आणि गुदाशयाच्या भिंतीतून सुई प्रोस्टेटमध्ये जाते. दुसरी वाट पेरिनियममधून, म्हणजे वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून. सोनोग्राफीची कांडी इथेही गुदमार्गातच असते, पण सुई स्वच्छ केलेल्या त्वचेतून जाते, शौचाच्या जागेतून नाही. आपल्या लोकांच्या आतड्यांतले जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत, म्हणून मधुमेही पेशंटसाठी मी दुसरी वाट पसंत करतो. तुमच्या गावाजवळच्या शहरात ती सोय नसेल तर पहिल्या वाटेनेही सुरक्षित बायोप्सी होते. फक्त आधी लघवीचं कल्चर करा, साखर आटोक्यात आणा, आणि गुदाशय पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करणार का हे विचारा. ज्यांचा या गोष्टीवर कटाक्ष असतो ते डॉक्टर हा प्रश्न ऐकून खूश होतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन साधारणपणे चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस थांबवायची असते, पण ते हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी दिल्यावरच. स्टेंटला तीन वर्षं झाली आहेत, म्हणजे बहुधा परवानगी मिळेल.

प्रत्यक्ष तपासणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. जागेवर भूल दिलेली असते. त्या इंजेक्शनची चुणचुण होते, बाकी दाब जाणवतो. पेशंट दचकतो तो दुखण्याने नाही, आवाजाने: सुईची बंदूक स्टेपलरसारखी ‘खट्’ वाजते. मी पहिला तुकडा घेण्याआधी ती हवेत एकदा वाजवून दाखवतो. तेवढ्यानं अंगातला ताठपणा निम्मा उतरतो. साधारण बारा तुकडे ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून आणि तीन-चार तुकडे एमआरआयने दाखवलेल्या जागेतून घेतात. तुमच्या बाबतीत हे जादाचे तुकडे फार महत्त्वाचे आहेत, त्यामुळे एमआरआयची सीडी बरोबर न्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.

नंतर दोन-चार दिवस लघवीत रक्त दिसतं. वीर्यात तर काही आठवडे तपकिरी रंग राहू शकतो. हे वडिलांना आधीच सांगायला हवं, नाहीतर माणूस कुणालाही न बोलता मनातल्या मनात घाबरत राहतो. लघवी अजिबात होईना किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या तर दवाखाना गाठा. आणि पहिल्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला, १००.४ किंवा त्याहून वर, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजलेले असले तरी दाखल करा. म्हणून पहिले तीन-चार दिवस गावी न नेता शहरातच ठेवलंत तर बरं.

रिपोर्ट साधारण आठवडाभराने येतो. त्यात कॅन्सर नाही असं आलं, तरी एमआरआय संशयास्पद असल्याने विषय संपत नाही. पीएसए आणि एमआरआयने पाठपुरावा करायचा, कधी बायोप्सी पुन्हा करावी लागते. कॅन्सर आला तर सगळ्यात आधी ग्लीसन स्कोर पाहा. १९६०च्या दशकात अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी पेशींच्या रचनेवरून ही प्रतवारी बसवली. त्यात पहिला आकडा सर्वांत जास्त दिसणाऱ्या रचनेचा, दुसरा त्याखालोखालच्या रचनेचा, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे स्कोर. बायोप्सीत सर्वांत खालची पायरी ३+३=६. हा आकडा ऐकून घरचे म्हणतात, दहापैकी सहा, म्हणजे अर्ध्याच्या वर गेला! तसं नाही. सहा हीच सुरुवात आहे. ३+४=७ आणि ४+३=७ यांची बेरीज सारखी असली तरी दुसरा जास्त आक्रमक. आठ, नऊ, दहा हे वरच्या जोखमीचे.

३+३ आला तर माझा सल्ला बहुतेक वेळा असतो, उपचार नको, कडक लक्ष ठेवा. सहा महिन्यांनी पीएसए, वर्षभराने पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी, पुढे गरजेप्रमाणे. शुद्ध ३+३चा आजार शरीरात इतरत्र पसरणं जवळपास घडतच नाही. कुटुंबांना हा सल्ला सगळ्यांत जड जातो. ‘कॅन्सर आहे आणि डॉक्टर काहीच करत नाहीत’ असं वाटतं आणि लोक दुसरीकडे जाऊन ऑपरेशन करून येतात. ज्याचा जीव त्या आजाराने गेलाच नसता, तो माणूस मग लघवी गळते म्हणून पॅड लावून फिरतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आठ किंवा वर आला, तर आधी आजार कुठवर आहे ते पाहायचं. त्यासाठी पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरभर शोधणारा स्कॅन, तो परवडत किंवा मिळत नसेल तर हाडांचा स्कॅन आणि सीटी. आजार ग्रंथीपुरता असेल तर दीड ते तीन वर्षं हार्मोनची (पुरुषी हार्मोन दाबणारी) इंजेक्शनं आणि रेडिएशन, किंवा ऑपरेशन, ज्यानंतर रेडिएशनही लागण्याची शक्यता बरीच असते. हाडात गेलेला असेल तर मुख्य उपचार हार्मोनचा. त्यातही आज चांगली औषधं आहेत, आणि लोक बरीच वर्षं चांगलं जगतात.

खरा पेच ३+४=७ला होतो, आणि तुमच्याकडे तोच यायची शक्यता मला बरीच वाटते. इथे एक अभ्यास तुम्हाला माहीत असावा. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत ५० ते ६९ वयाच्या, ग्रंथीपुरता कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसं तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू ऑपरेशनच्या गटात २.२ टक्के, रेडिएशनच्या गटात २.९ टक्के, लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नाहीच म्हणायचा. त्याच काळात सगळ्या कारणांनी मिळून जवळपास २२ टक्के पुरुष गेले. म्हणजे बहुतेकांना दुसरंच काही घेऊन गेलं. लक्ष ठेवलेल्या गटात आजार इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, ९.४ टक्के, आणि त्यांतल्या साठेक टक्के लोकांनी पुढे कधीतरी उपचार घेतलाच. यातले बहुतेक जण कमी किंवा मध्यम जोखमीचे होते, त्यामुळे आठ-नऊ स्कोरच्या पेशंटला हे आकडे लावू नका. पण ३+४साठी एक गोष्ट यातून नक्की निघते. ऑपरेशन आणि रेडिएशन यांतलं कोणतं जीव जास्त वाचवतं, या प्रश्नावर घरात भांडण्यात अर्थ नाही.

फरक आहे तो नंतरच्या जगण्यात. त्याच चाचणीत ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. सहा वर्षांनी १७ टक्के. रेडिएशनच्या गटात हे प्रमाण चार-पाच टक्क्यांवरच राहिलं. शरीरसंबंधाला पुरेल इतका ताठरपणा सुरुवातीला ६७ टक्क्यांना होता. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२ टक्के, रेडिएशनच्या गटात २२ टक्के उरले. तिथे रेडिएशनबरोबर काही महिने हार्मोनची इंजेक्शनंही होती, ती थांबल्यावर काहींचं पुढे थोडं सुधारलं. रेडिएशनचा त्रास शौचाच्या बाजूला जास्त: घाई होणं, कधी रक्त जाणं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते रक्त जाणं जास्त सतावतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत तराजूची दोन्ही पारडी भरलेली आहेत. लघवीचा त्रास आधीपासून आहे. ग्रंथीने वाट खूप अडवली असेल तर रेडिएशनने तो काही काळ वाढतो, आणि ऑपरेशनने ग्रंथीच निघून जाते. म्हणून लघवीच्या धारेचा वेग आणि लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे मोजून घ्या. उलट बाजूला हृदय आहे. दोन-तीन तासांची भूल आणि रोबोटसाठी डोकं खाली करून झोपवणं त्यांना झेपेल का, हे भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. पण रेडिएशनबरोबर हार्मोनची इंजेक्शनं लागली, तर ती साखर वाढवतात आणि हृदयालाही मानवत नाहीत. ३+४मध्ये ती लागतातच असं नाही, लागली तर चार ते सहा महिने. हा प्रश्न रेडिएशनच्या डॉक्टरांना नेमका विचारा.

मेहुण्यांच्या रोबोटबद्दल. यंत्र चांगलं आहे, रक्तस्राव कमी होतो, पेशंट लवकर घरी जातो. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालेल्या तुलनेत दोन वर्षांनंतर लघवी आणि शरीरसंबंध या दोन्ही बाबतींत रोबोटिक आणि उघड्या ऑपरेशनमध्ये फरक निघाला नाही. यंत्रापेक्षा चालवणारा हात मोठा. सर्जनना सरळ विचारा, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि वर्षभराने तुमचे किती पेशंट पॅडशिवाय असतात? रेडिएशनच्या बाजूला पूर्वीचे सात-आठ आठवडे आता चारांवर, म्हणजे वीस फेऱ्यांवर आले आहेत, आणि निवडक पेशंटमध्ये पाच फेऱ्यांतही होतं. गावाहून येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात गेलात तर राहण्यासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी आधी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशनं आणि रेडिएशन दोन्ही येतं. रोबोटचा वरचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो. वर लिहिलेल्या आकड्यांतून निवड कुणी करायची? वर्षभर कपडे ओले होण्याची धास्ती सहन करीन पण गाठ अंगातून बाहेर हवी, असं म्हणणारे पुरुष मी पाहिले आहेत. कीर्तनात दोन तास बसता आलं पाहिजे, बाकी काहीही चालेल, असं म्हणणारेही पाहिले आहेत. दोघंही बरोबर होते. तुमच्या वडिलांचं यातलं काय, हे तुम्हाला मुलगा म्हणून ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि शरीरसंबंधाचा विषय तर मुलगा आणि वडील यांच्यात निघणारच नाही. ६८व्या वर्षी काय करायचंय त्याचं, असं परस्पर ठरवून टाकणारी मुलं मला भेटतात. त्याच घरातली आई बाहेरच्या बाकावर गप्प बसलेली असते. मी आता मुलांना चहाला पाठवतो आणि नवरा-बायको दोघांशी एकत्र बोलतो.

‘सांगितलं तर खचतील’ ही तुमची काळजी खरी आहे, पण लपून राहत नाही हो. रेडिएशन विभागाच्या दारावरची पाटी वाचता येते, शेजारच्या खुर्चीतला पेशंट विचारतो, तुम्हाला कुठे आहे म्हणून. मुलगा बिल भरायला गेला की वडील हळूच मला विचारतात, ‘डॉक्टर, कॅन्सरच आहे ना?’ सगळं माहीत असून घरच्यांसाठी माहीत नसल्यासारखं वागायचं, हा बोजा आजारापेक्षा जड होतो.

सगळं एका दिवसात सांगायची गरज नाही. बायोप्सीआधी एवढं पुरे: ‘बाबा, प्रोस्टेटमध्ये एक संशयास्पद गाठ दिसतेय. कॅन्सर आहे की नाही ते तपासायचंय. असला तरी यावर चांगले उपचार आहेत. रिपोर्ट आला की डॉक्टरांनी सगळं थेट तुम्हाला सांगायचं, की आधी मला?’ ते जे म्हणतील ते करा. ‘तूच बघ’ म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय.

घाई नको, हे शेवटी पुन्हा लिहितो, कारण ऑपरेशनची तारीख घ्यायचा दबाव तुमच्यावर येणार. बायोप्सीनंतर ग्रंथीची सूज उतरायला सहा-आठ आठवडे देऊनच ऑपरेशन करणं बरं असतं, आणि ३+४सारख्या आजारात या काळात नुकसान होत नाही. तो वेळ सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांनाही भेटायला वापरा. प्रत्येक जण आपल्याला येतं ते सुचवतो, मीही त्यातला एक आहे, म्हणून दोघांचं ऐकायचं. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) पॅथॉलॉजी लॅबमधून मागून घेता येतात. ३ आणि ४ यांतला भेद पाहणाऱ्यागणिक थोडा बदलू शकतो, तेव्हा त्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टना दाखवा.

रिपोर्ट आला की पुन्हा लिहा. ग्लीसन स्कोर, किती तुकड्यांत आजार आहे आणि प्रत्येकात किती टक्के, त्यात ४चा वाटा किती, क्रिब्रिफॉर्म (चाळणीसारखी, जास्त आक्रमक रचना) हा शब्द कुठे आहे का, लघवीच्या धारेची तपासणी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) एवढं कळवा. त्याआधी उद्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि ते गोळ्यांचं पाकीट शोधा.